लिन आंटींवर लक्ष

सिंगापुरातच घर बदलून बिशानला राहायला आल्यानंतर तिसऱ्याच महिन्यात मी एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंचा पाठलाग केला.

भुवया उंचावू नका. (आमच्या वृषालीने उंचावल्या, त्या अजून पूर्ण खाली आलेल्या नाहीत.) मी हे केलं ते शेजारधर्म म्हणून! शेजारचा वेइ कामासाठी आठवडाभर जकार्ताला निघाला होता. लिफ्टपाशी मला गाठून म्हणाला, "आईवर जरा लक्ष ठेवाल का? हल्ली थोडं विसरते. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, फक्त रोज–" आणि लिफ्टचं दार बंद झालं.

फक्त रोज काय? गोळी? इंजेक्शन? मी मेसेज करून विचारायला हवं होतं. पण त्यात लक्ष ठेवण्याची मजा कुठे?

त्याच्या आई, म्हणजे लिन आंटी, नातवाला सांभाळायला म्हणून साठीत चीनहून सिंगापूरला आल्या. नातू मोठा होऊन परदेशी शिकायला गेला आणि आंटी इथेच राहिल्या. इंग्रजी येतं चाळीसेक शब्द. माझी मँडरिन शून्य. त्यामुळे आमचं संभाषण "ईट ऑलरेडी?" आणि "ऑलरेडी!" यापुढे कधी गेलंच नव्हतं.

त्या आठवड्यात वृषाली माहेरी पुण्याला होती आणि मी घरून काम करत होतो, म्हणजे खिडकीत बसत होतो. मंगळवारी सकाळी खिडकीसमोरून लिन आंटी गेल्या. उलट्या! पाठ पुढे, तोंड मागे, हातांनी टाळ्या वाजवत कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी चहाचा कप खाली ठेवला.

"सई, लवकर ये! लिन आंटी उलट्या चालतायत!"

आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने फोनमधून मानही वर केली नाही. "सो? बाबा, डोन्ट बी सो केपो, लाह!" (केपो म्हणजे इथल्या भाषेत चोंबडा.)

बुधवारी प्रकरण गंभीर झालं. आंटी खाली पत्रपेट्यांसमोर डोळे मिटून उभ्या होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मध्येच एक डोळा उघडून पेटीचा नंबर बघत, मान हलवत, पुन्हा मिटत. म्हणजे बाई घराचा नंबर विसरली! मी खांबाआडून पुढे झालो आणि हळुवार आवाजात म्हणालो, "आंटी, फ्लॅट नंबर? आय टेल यू?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "यू, नो वर्क?"

आता दोन्ही बाजूंनी संशय सुरू झाला.

गुरुवारी त्या ट्रॉली ओढत निघाल्या आणि मी मागोमाग निघालो. घाईत टी-शर्ट उलटा घातला गेला आणि फोन घरीच राहिला, हे मला नंतर कळलं. बाजारात आंटींनी कोथिंबीर घेतली आणि त्या बाहेर पडल्या. पूर्ण बाजाराला एक वळसा घालून परत आत आल्या आणि टोफू घेतला. पुन्हा बाहेर, पुन्हा वळसा, मग आलं. पाचव्या फेरीला माझा जीव कळवळला. बिचारी! काय घ्यायला आलो हे दर वेळी विसरते आणि दर वेळी नव्याने येते!

"अंकल, बाय ऑर नॉट?"

मी ज्याच्याआड लपलो होतो ते ड्युरियनचं दुकान होतं. दुकानदाराच्या नजरेतही संशय! आंटी सावध होऊ नयेत म्हणून मी मुकाट्याने एक ड्युरियन घेतला. ड्युरियन म्हणजे फणसाचा जहाल भाऊ. काटे पिशवीतून मांडीला टोचतात आणि वास माणसाच्या आधी पोचतो. तो पिशवीत पडेपर्यंत आंटी नाहीशा झाल्या होत्या.

माझं धाबं दणाणलं. वेइला काय सांगू? तुझी आई हरवली, पण ड्युरियन छान मिळाला? मी "आंटी! लिन आंटी!" असं ओरडत एका इमारतीखालून दुसऱ्या इमारतीखाली धावू लागलो. तिथल्या इमारती इतक्या सारख्या की एका बाकाला मी तीनदा वळसा घातला. बाकावरच्या बाई तिसऱ्या वेळी उठूनच गेल्या.

शेवटी एक तरुण पोलीस दिसला. मी धापा टाकत म्हणालो, "एक म्हाताऱ्या बाई हरवल्यात! त्यांना काही आठवत नाही!"

त्याने माझ्या टी-शर्टच्या बाहेर लोंबणाऱ्या लेबलाकडे बघितलं. मग ड्युरियनकडे. अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "ओके अंकल. तुम्ही राहता कुठे?"

मी ठणकावून ब्लॉक नंबर सांगितला. तो होता आमच्या जुन्या घराचा.

"अंकल, हा ब्लॉक तर बुकित पंजांगला आहे."

"हो! म्हणजे नाही! आता आम्ही इथे असतो!"

"कुठल्या ब्लॉकमध्ये?"

आता मला काहीही आठवेना. आकडे डोक्यात माशांसारखे घोंघावत होते.

"बरं. आज वार कोणता?"

"बुधवार," मी छातीठोकपणे म्हणालो.

"थर्सडे!" मागून आवाज आला.

लिन आंटी! कोपऱ्यावरच्या ज्येष्ठांच्या केंद्रातून त्या बाहेर आल्या होत्या, मागे सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या. मी आनंदाने ओरडलो, "ह्याच त्या! सापडल्या!"

पोलिसाने आंटींना विचारलं, "तुम्ही ओळखता यांना?"

"माय नेबर," आंटी म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. "एव्हरी डे फॉलो मी." मग कपाळावर बोट टेकवून हळूच म्हणाल्या, "टायर्ड."

सगळ्या म्हाताऱ्यांनी सहानुभूतीने माना हलवल्या. एका आजोबांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. (ती परत मिळाली तेव्हा हलकी होती.)

केंद्रातल्या मुलीने मला पाणी दिलं आणि आंटींचं म्हणणं उलगडून सांगितलं. उलटं चालायचं ते तोल सांभाळायला. पत्रपेट्यांपुढे डोळे मिटून कुठल्या घरात कोण राहतं ते आठवायचं. बाजारात यादी न्यायची नाही, पाच जिनसा डोक्यात ठेवायच्या, आणि दर जिनसेमागे एक फेरी मारली की चालणंही होतं. हे सगळं आंटींनी स्वतःच ठरवलेलं!

"रोज करता?" मी विचारलं.

आंटी मँडरिनमध्ये बराच वेळ बोलल्या. मुलीने सांगितलं, "त्या म्हणतात, माझ्या थोरल्या बहिणीने शेवटी मला ओळखलं नाही. माझा नातू सुट्टीला येईल तेव्हा दार उघडताना मला त्याचं नाव आठवलं पाहिजे."

मी खाली बघितलं.

आंटींनी मात्र तो विषय तिथेच संपवला. माझ्या खांद्यावर थोपटून त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि रोजच्या कार्यक्रमाचा फॉर्म पुढे सरकवला. नाही म्हणण्याची सोय नव्हती, पोलीस अजून दारात उभा होता. मी फॉर्म भरला. मुलीने तो वाचला आणि ती अडखळली.

"अंकल, तुमचं वय सेहेचाळीस लिहिलंय. हा कार्यक्रम साठीच्या पुढच्यांसाठी आहे."

मी सुटकेचा निःश्वास टाकून उठलो. तेवढ्यात आंटी तिच्या कानात काहीतरी बोलल्या. मुलीने माझ्याकडे एकदा नीट निरखून बघितलं, वयाच्या रकान्यावर रेघ मारली आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलं: "खास बाब."