महाराजपुरातलं जहाज

शैलाताई गेली त्या सकाळी फोन आला तो तिच्या शेजारच्या पांडे भाभींचा. "भैया, दीदी दरवाज़ा नहीं खोल रहीं," एवढंच त्या म्हणाल्या आणि बाकीचं मला त्यांच्या आवाजावरून कळलं. मी घमापूरहून महाराजपूरला पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी मागचं दार उघडलं होतं. ताई पलंगावर कुशीवर झोपली होती, चष्मा घडी घालून उशाशी. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. मी तिचा धाकटा भाऊ. रडायला हवं होतं, पण मी बाहेरच्या खोलीत येऊन टेबलाकडे पाहत उभा राहिलो. टेबलावर तिचं जहाज होतं. चार फुटांहून लांब, प्लास्टिकचं, खालून लाल, वर राखाडी, अर्ध्याच तोफा बसलेल्या. शेजारी ब्रश धुऊन ओळीनं ठेवलेले, गोंदाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं. आदल्या दिवसाचं काम नीट आटोपून ती उठली होती. का कोण जाणे, ते पाहून मला जरा बरं वाटलं.

जबलपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र दूरच. ताईनं तो आयुष्यात एकदाच पाहिला, मुंबईला कुणाच्या तरी लग्नाला गेली होती तेव्हा, आणि "पाणी मळकं होतं" एवढाच तिचा अभिप्राय होता. त्यामुळे सत्तरीच्या घरातली ही बाई लढाऊ जहाज का जोडत बसली, हा प्रश्न तिच्या तेराव्याला आलेल्या बऱ्याच जणांनी मला विचारला. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर द्यायला बराच वेळ लागला असता... तो इथे घेतो.

ताई इथल्याच, लष्करी गाड्या बनवणाऱ्या एका संरक्षण कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेली चित्रं पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायची, हे तिचं काम. चूक झाली तर दाढीच्या ब्लेडनं शाई खरवडायची, जागा नखानं घासून गुळगुळीत करायची आणि पुन्हा रेघ मारायची. खरवडलेलं दिसलं तर खरवडलं काहून, असं ती म्हणे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्यानं मुहूर्ताची वेळ चुकीची छापली, तेव्हा वडिलांनी कपाळाला हात लावला. ताई गठ्ठा घेऊन अंगणात बसली आणि तिनं एकेका पत्रिकेवरची वेळ खरवडून हातानं अशी लिहिली, की छापखान्याचा मालक स्वतः पत्रिका डोळ्यांजवळ धरून कौतुक करत राहिला. तिच्या हातून गेलेल्या वस्तूवर कसला डाग, ओरखडा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता. माणसांच्या बाबतीतही तिचं साधारण तेच होतं. आवडलं नाही की सरळ सांगायची, आणि मग विषय असा पुसून टाकायची की भांडण झालं होतं हे समोरच्यालाच आठवेनासं होई.

भाऊजी गेल्यावर ती महाराजपूरच्या घरात एकटी राहू लागली. मुलगी मधुरा पुण्याला. आमच्या पिढीच्या इथल्या मराठी घरांत हे असंच आहे; मुलं पुण्याला नाही तर बंगळुरूला, आणि आईवडील इथे नळाचं पाणी आलं की नाही ते फोनवर सांगत बसलेले. मधुरानं आईसाठी वेगळी खोली तयार केली, खिडकीला पडदे लावले. ताई दरवर्षी जायची, पडद्यांचं कौतुक करायची आणि परत यायची. एकदा परत आली ती एक भलामोठा खोका घेऊन. जावयानं परदेशातून हौसेनं आणलेलं जहाजाचं मॉडेल होतं ते. त्याला सवड झाली नाही, आणि एवढं लांब जहाज ठेवायला त्यांच्या फ्लॅटमध्ये जागाही नव्हती. खोका माळ्यावर धूळ खात पडला होता. ताईनं तो मागून घेतला. जावयाकडून असली वस्तू घेऊन येणारी सासू मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

खोका कितीतरी महिने दिवाणावर तसाच होता. ताई फक्त आतलं माहितीचं पुस्तक काढून वाचायची. त्यात शब्द कमी, चित्रंच जास्त. कुठला तुकडा कुठे बसतो ते बाण काढून दाखवलेलं. "आमच्या ऑफिसात सुटे तुकडेच यायचे रे," ती एकदा म्हणाली, "पूर्ण गाडी कशी दिसते ते मी कधी पाहिलंच नाही." मग एका उन्हाळ्यात तिनं सगळे तुकडे, ते ज्या प्लास्टिकच्या चौकटींना जोडून येतात त्यांच्यासकट, साबणाच्या पाण्यात धुतले. कारखान्यातलं तेल लागलेलं असतं, ते निघालं नाही तर रंग धरत नाही, असं तिनं पुस्तकात वाचलं होतं. धुतलेले तुकडे गच्चीवर चादर पसरून सावलीत वाळत घातले. पांडे भाभींनी पलीकडून विचारलं, "ये क्या सुखा रही हैं दीदी, पापड़?" ताई म्हणाली, "नहीं, जहाज़."

त्याच सुमाराला महाराजपूरच्या घराला चांगलं गिऱ्हाईक मिळालं होतं. मधुराचा मला फोन आला. "मामा, ती तुझंच ऐकते. कागद पाठवलेत, तू फक्त सही घे. बाकी पॅकिंगचं मी येऊन बघते." ताई माझं ऐकते हा मधुराचा गैरसमज होता, पण मी बँकेत जन्म काढलेला माणूस, सह्या घेणं हे मला येतं असं मला वाटत होतं. कागद पिशवीत टाकून भर दुपारी तिच्या घरी गेलो.

"काहून आला इतक्या उन्हात?" ताईनं विचारलं, पण मान वर केली नाही. टेबलावर जहाजाच्या बुडाचे दोन लांबलचक भाग होते, एक डावा आणि एक उजवा. ती ते एकमेकांना लावून पाहत होती, पुन्हा वेगळे करत होती. "बरं झालं आला. हात धुऊन ये साबणानं, अन् हे इकडून धर."

मी पिशवी खुर्चीला अडकवली आणि सांगितल्याप्रमाणे केलं. दोन भाग जुळवून मी एका टोकाशी दोन्ही हातांनी दाबून धरले, ती दुसऱ्या टोकाकडून बारीक ब्रशनं जोडावर पाण्यासारखं काहीतरी फिरवत येऊ लागली.

"हा साधा गोंद नाही बरं," ती म्हणाली. "हे प्लास्टिकच वितळवते. दोन्हीकडचं वितळते अन् एक होते. मग सुटत नाही. तू हलू नको."

"किती वेळ?"

"मी म्हणीन तोवर."

मी विचार केला, हीही उठून जाऊ शकत नाही आणि मीही नाही, याहून चांगली वेळ कुठली. मी बोलायला सुरुवात केली. पुण्यातली खोली, खालीच असलेला दवाखाना, तिचे गुडघे, पावसाळ्यात इथे जाणारी वीज, एकटीनं राहण्यातले धोके, चांगलं गिऱ्हाईक पुन्हा मिळत नाही... बँकेत मी कुणाला एवढं समजावलं नसेल. ती ऐकत होती की जोडाकडे पाहत होती, काही कळत नव्हतं.

"झालं तुझं?" तिनं शेवटी विचारलं.

"झालं."

"मग सोड. वाळलं."

मी हात काढले तेव्हा उजवा अंगठा किंचित चिकटलेला सुटला. ताईचा गोंद सरकत माझ्या अंगठ्याखाली गेला होता आणि मऊ झालेल्या प्लास्टिकवर माझा ठसा उमटला होता, एकन् एक रेघ दिसेल असा. मी ओशाळलो. ताईनं भिंग लावून तो नीट पाहिला.

"सही घ्यायला आला अन् सोताचा अंगठा उठवून गेला," ती म्हणाली. म्हणजे पिशवीत काय आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. "असू दे. पॉलिश पेपर मारीन मी, जाईल."

तोवर माझ्या डोक्यात दुसरंच आलं होतं. "पण ताई, एवढं लांब... आता हे पुण्याला न्यायचं कसं?"

"तेच तं," ती म्हणाली. "खोक्यात होतं तोवर नेता आलं असतं." आणि चहा टाकायला आत गेली.

संध्याकाळी मी मधुराला फोन केला. "नाही म्हणाली ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही असं म्हणाली नाही. जहाज जोडलं." "मग राहू दे ते कागद," मधुरा म्हणाली. आईला ती माझ्याहून जास्त ओळखत होती. कागद माझ्या पिशवीतून कपाटात गेले.

त्यानंतर ताईचं जहाज दोन-अडीच वर्षं चाललं. मी बहुतेक रविवारी जायचो. मला स्वतःला त्यात फारसा रस नव्हता हे कबूल करतो. तुकडे इतके बारीक असत की पडला एखादा की आम्ही दोघं म्हातारे जमिनीवर रांगायचो. तिचा हात थोडा कापायला लागला होता. मग ती थांबायची, ब्लेड खाली ठेवायची, माझ्याशी दोन गोष्टी बोलायची आणि पुन्हा उचलायची. एकदा मी तिला सरळ विचारलं, पुण्यात नेमकं काय आवडत नाही.

"आवडते नं, सगळं आवडते," ती म्हणाली. "पण तिथं मी मधुराची आई. मराठी बोलली की लिफ्टमधली बाई विचारते, तुम्ही मूळच्या कुठल्या? इथं बाजारात गेली की भाजीवाला विचारते, दीदी, जहाज़ कहाँ तक पहुँचा?" मग ब्लेड उचलत म्हणाली, "जहाज नसतं तं दुसरं काही विचारलं असतं त्यानं. पण विचारलं असतं."

ती गेल्यावर मधुरा आली. दिवसकार्य चालू असताना एका दुपारी आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "पुण्यात असती तर शेजारच्या खोलीत कोणीतरी असतं, मामा." ती रागानं म्हणाली नाही. पण ते खरं होतं. जहाजाचं दुसरं टोक मीच धरून बसलो होतो.

तेरावं झालं, घर आवरायला घेतलं. भांडी वाटली गेली, पुस्तकं बांधली. जहाजाचा प्रश्न राहिला. सामान न्यायला आलेल्या माणसानं पाहिलं आणि मान हलवली. कुठल्यातरी शाळेला देऊन टाकू, मधुरा म्हणाली. चादरीत गुंडाळण्यासाठी आम्ही दोघांनी ते दोन बाजूंनी उचललं आणि हळूच आडवं केलं. इतक्या दिवसांत मी ते खालून कधी पाहिलं नव्हतं. बुडाला तांबडा रंग होता, हात फिरवला तर जोड कुठे आहे ते बोटाला लागत नव्हतं. सगळं तिच्या पद्धतीनं घासून नाहीसं केलेलं. आणि पुढच्या टोकाशी, रंगाखाली, माझा अंगठा.

पहिल्यांदा वाटलं, घासायचं राहून गेलं असेल. म्हणून खिडकीशी नेऊन पाहिलं. ठशाच्या चारी बाजूंनी, अगदी कडेपर्यंत, पॉलिश पेपर फिरला होता आणि तिथे थांबला होता. मग वरून रंग दिला होता, तोही पातळ, रेघा बुजणार नाहीत असा. जन्मभर खाडाखोडी नाहीशा करणाऱ्या माझ्या बहिणीनं ही एक ठेवली होती. तेव्हा मला रडू आलं. इतक्या दिवसांनी, चादर धरून उभ्याउभ्या.

"काय झालं, मामा?" मधुरानं विचारलं. मी दाखवलं आणि त्या दुपारची सगळी हकिगत सांगितली, पिशवीतल्या कागदांसकट. तिनं आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तिचा लहान होता.

"आईनं मुद्दाम ठेवलं हे?"

"मुद्दाम."

ती पुस्तकांच्या खोक्यावर बसली. "कागदावर सही नाही केली, पण हा अंगठा जपून ठेवला. म्हणजे तिला इथंच राहायचं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं... मीच नीट बोलावलं नाही." मी तिच्या शेजारी बसलो. थोड्या वेळानं डोळे पुसून ती उठली. "शाळेला नको. तूच ने."

ई-रिक्शाच्या मागच्या सीटवर जहाज आडवं मांडीवर घेऊन मी घमापूरला निघालो. एक टोक बाहेर आलेलं. रिक्शावाल्यानं आरशातून पाहून विचारलं, "अंकल, ये किसका है?" मी म्हणालो, "दीदी का. धीरे चलाना, भैया." त्यानं खरोखरच खड्डे चुकवत हळू चालवली.

आता ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. उरलेल्या तोफा डबीत आहेत. माझ्यानं त्या बसणार नाहीत आणि मी बसवायलाही जाणार नाही. मी आणि नलिनी, माझी बायको, टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यात जेवतो. गेल्या आठवड्यात बंगळुरूहून मुलाचा फोन आला, नेहमीचाच. आता तिकडे कोण राहिलंय तुमचं, घर बघायला गिऱ्हाईक पाठवू का, वगैरे. फोन नलिनीनं घेतला होता. तिनं टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सध्या नको रे," ती म्हणाली, "ताईंचं जहाज आलंय आमच्याकडे. ते काही गाडीत बसत नाही."

सकाळी धूळ पुसायला मी ते थोडं उचलतो. कुठे धरायचं हे पाहावं लागत नाही. अंगठा आपोआप तिथेच जातो आणि नीट बसतो.