मिटलेला गोल

माझ्या मावशीच्या डाव्या बाजूला कुणी बसत नाही, कारण तिकडून बोललेलं सगळं फुकट जातं. त्या कानाचा पडदा तिच्या विशीत फाटला. कसा फाटला ते ती कुणालाही सांगते, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा. "गुरुदक्षिणा आहे ती," म्हणते, "फक्त उलटी. गुरूंनी मला दिलेली."

हे गुरू म्हणजे थोरले मास्तर. नाचगाण्यांच्या एका नाटकात मावशी मागच्या रांगेत नाचायची आणि नाच बसवायचे ते. कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायका, त्यांना छळणारा मुकादम, आणि शेवटी बायका कपडे बडवायच्या लाकडी मोगऱ्यांनी त्याला ठार मारतात, अशी गोष्ट. मुकादमाचं काम मास्तर स्वतःच करायचे. मावशी म्हणते, त्यांना त्यासाठी अभिनय करावा लागत नव्हता. तालमीत पाय चुकला की पोटरीवर छडी, हात चुकला की बोटांवर, आणि चेहरा आवडला नाही तर कानफटात. एकीचा दात पडला, तर तो उचलून तिच्याच हातावर ठेवला आणि म्हणाले, पुढे चला.

त्या शेवटच्या नाचात बायका अर्धचंद्रासारख्या उभ्या राहायच्या, म्हणजे मधला मुकादम प्रेक्षकांना नीट दिसे. मोगऱ्या त्याच्यापासून वीतभर लांब, जमिनीवर आपटायच्या. मास्तरांनी बसवलेला मूळ नाच हा असा होता.

एका सकाळी मावशीची मोगरी तालाच्या मागे पडली म्हणून मास्तरांनी तिला अशी दिली की कानातून रक्त आलं. तिने पदराने पुसलं आणि तालीम पुरी केली. त्याच संध्याकाळी प्रयोगात, मोगऱ्या उचलायची वेळ आली तेव्हा टोकाला उभी असलेली उंच बाई शांतपणे चालत गेली आणि तिने गोल मिटवला. बाकीच्याही सरकल्या. प्रेक्षकांकडे सगळ्यांच्या पाठी, आत मास्तर. मावशी सांगते, त्यांना एका क्षणात कळलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात शिवी दिली, आणि मग पहिली मोगरी त्यांच्या नडगीवर बसली. ती कुणाची, हे ती सांगत नाही. दुसरी तिची होती. बरगड्या, खांदा, छडीचा हात, जिथे जागा मिळेल तिथे. ते ओरडत होते, पण मुकादमाने ओरडायचंच असतं. ढोलकी वाजत होती. पडदा पडला तेव्हा ते फरफटत विंगेत गेले, आणि प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी बायका धास्तावून बसल्या होत्या. आता पोलीस येणार, किमान घरी बसवणार. मास्तर आले ते हात गळ्यात बांधून, डोक्याला पट्टी. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गोल मिटतो तो छान दिसतो. ठेवा."

सुंभ जळतो, पीळ जळत नाही. मार खाल्ला आणि तोही आपल्या नावावर लावून घेतला. मुकादमाचं काम मात्र त्यांनी सोडलं. ते एका गरीब नटाच्या गळ्यात पडलं. तो बिचारा रोज प्रयोगाआधी विचारायचा, "आज कुणाच्या मनात काही नाही ना, बायांनो?"

कान गेल्यावर मावशीला ढोलकी एकाच बाजूने ऐकू यायची. ताल सटकायला लागला. मग ती त्याच नाटक कंपनीच्या कपडेपटात लागली, इस्त्री आणि टाके करायला. म्हणून ते नाटक पुन्हा पुन्हा नव्याने उभं राहिलं तेव्हा प्रत्येक वेळी तिने ते विंगेतून, हातावर कपडे घेऊन पाहिलं. पहिल्यांदा नव्याने आलं तेव्हा मोगऱ्या पोकळ होत्या, नुसता आवाज मोठा. पुढच्या वेळी त्या स्पंजच्या झाल्या आणि मुकादम मरेनासा झाला. त्याला पश्चात्ताप होऊन तो गाणंच म्हणायचा. मावशी इतकी हसली की इस्त्री तशीच राहिली आणि त्याचा सदरा जळाला. त्यानंतर तर मोगऱ्याही गेल्या, तांबडा उजेड आणि हवेत हलणारे हात एवढंच उरलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, इथे विटेचाही कापूस झाला. पण गोल मात्र दर वेळी मिटायचाच, आणि पुस्तिकेत छापलेलं असायचं, थोरल्या मास्तरांची अजोड रचना. मावशीचा राग वेगळाच होता. आत काहीच होत नाही तर मिटवता कशाला, असं ती म्हणायची.

मग चित्रपट आला. नाच बसवायला आणि मुकादमाचं काम करायलाही धाकटे मास्तर, म्हणजे थोरल्यांचे पट्टशिष्य. गुरूकडून त्यांनी नाच घेतला तसा हातही घेतला होता. नाचणाऱ्या मुलींत मी होते, पुढच्या ओळीत, चेहरा दिसेल अशी. दिग्दर्शकाला मूळचा नाच हवा होता, म्हणून शोधत शोधत ते मावशीकडे आले. पहिल्या प्रयोगातली आता ती एकटीच उरलेली. दिग्दर्शकाने समजावून सांगितलं की क्रेनवर कॅमेरा लावून गोलाच्या आत वरून बघायचं, नाटकात जे कधी दिसलं नाही ते दाखवायचं. मावशी म्हणाली, दिसू नये म्हणूनच तर मिटवला होता. त्याला वाटलं, ती कलेबद्दल बोलतेय. त्याने तिलाही गोलात उभं राहायला सांगितलं. ती नको म्हणाली.

मी घरी काही बोलले नव्हते. पोटऱ्यांवरचे वळ लांब मोज्यांखाली झाकत होते. पण जेवताना मावशीने हाक मारली तेव्हा मी पूर्ण मान वळवली. ही मान वळवणं तिच्याइतकं कोण ओळखणार?

"कुठला?" तिने विचारलं.

"डावा."

"ऐकू येतंय?"

"येतंय. नुसतं गुणगुणतंय."

ती म्हणाली, काम सोड. मी म्हणाले, नाही सोडणार, हा माझा पहिला चित्रपट आहे आणि तुझ्यासारखी मी मागच्या रांगेत नाही. हे बोलायला नको होतं, पण मी बोलले. तिने ताट उचललं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याआधी स्टुडिओत हजर होती, आणि गोलात माझ्या डाव्या बाजूला उभी. माझ्या कानापर्यंत यायचं तर आता तिला ओलांडून यावं लागणार होतं.

शेडच्या फरशीवर साबणाचं पाणी सोडलेलं. शेवटच्या तालमीत माझा पाय घसरला. धाकट्या मास्तरांचा हात उठला, मावशी मध्ये आली आणि ती थप्पड तिच्या डाव्या गालावर बसली. मावशी हसली.

"मारा," म्हणाली. "तो कान तुमच्याच घराण्याचा आहे."

त्यांनी माफी मागितली नाही. कॅमेरा चालू करा म्हणाले, आणि जाऊन मध्ये उभे राहिले.

ढोलकी सुरू झाली, गोल मिटला. वीतभर जागा सोडायची होती. मी सोडली नाही. माझी मोगरी त्यांच्या उजव्या मनगटावर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज ढोलकीतूनही मला ऐकू आला. ते खाली बसले. मी गुडघ्यावर मारली. मग शेजारच्या मुलीने मारली, मग तिच्या शेजारच्या. साबणाचा फेस गुलाबी झाला. मला थांबायचं नव्हतं. खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. वर क्रेनवर बसलेला दिग्दर्शक थांबा म्हणत नव्हता, त्याला वाटत होतं, पोरी काय जीव ओतताहेत. मावशीने माझं कोपर धरलं, मी ते झटकलं. तेव्हा ती त्यांच्या अंगावर आडवी पडली. माझी पुढची मोगरी तिच्या खांद्यावर बसली.

तिथे सगळं थांबलं. मावशी उठून बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या हातून झालं. म्हातारीचा हात, त्यात साबण."

तिच्या हातात मोगरीच नव्हती. सगळ्यांनी ते पाहिलं होतं, वरच्या कॅमेऱ्यानेही. पोलिसांत जायचं की नाही ते धाकट्या मास्तरांनी ठरवायचं होतं. तोवर मी घरात दार लावून बसले. मनगटाला प्लास्टर घालून त्यांनी ते चित्रण पाहिलं, आणि म्हणे एकच शब्द बोलले. ठेवा. गुरू तसा चेला.

चित्रपट लागला तेव्हा मी मावशीला घेऊन गेले, तिच्या उजव्या बाजूला बसले. पडद्यावर गोल मिटला आणि आपण वरून त्याच्या आत पाहू लागलो. मोगरी उचलताना माझी मान वर होते, आणि माझा चेहरा सबंध पडदाभर दिसतो. दात दिसतात. मी हसत होते हे मला तोवर माहीत नव्हतं. मागच्या ओळीतून कुणीतरी वा म्हणालं. मावशीने माझा हात घट्ट धरला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी तिला विचारलं, वाईट वाटलं का?

"मास्तरांचं? नाही. तेव्हाही नाही आणि आत्ताही नाही," ती म्हणाली. दुखऱ्या खांद्यावरचा पदर तिने सारखा केला. "आमच्या पाठी होत्या लोकांकडे. आतल्या आत आम्ही सगळ्या खाली बघत होतो, एकमेकींकडे कुणीच बघितलं नाही. माझंही तोंड असंच झालं असेल का गं?"

तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. तरी मी हो म्हणाले.

मावशी दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

"मग बरंय," म्हणाली, "तेव्हा वरून कुणी बघत नव्हतं."