लिव्हर पडलं तो तास

मृत्यू हा माणसाचा शेवटचा गुरू आहे आणि त्याच्यापुढे ताठ मानेनं उभं राहावं, असं माझं जुनं मत आहे. उद्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन आहे आणि हॉस्पिटलनं मला मागून पूर्ण उघडा असा हिरवा झगा दिला आहे, त्यामुळे तूर्त मी कुणापुढेच उभा राहत नाही. पाठ टेकून पडलो आहे.

दुपारचे तीन. वरचा पंखा दर चौथ्या फेरीला कुरकुरतो. उशाशी संमतीचा कागद आहे. सही केलेली नाही. सकाळी डॉ. ऋजुता गवंडे नावाची मुलगी सांगून गेली, की सरांच्या हाताखाली टाके तीच घालणार. मी सहज विचारलं, "पहिलं वर्ष कधी केलंस?" तर म्हणाली, "कोविडमध्ये. पोट अख्खं मोबाइलवर शिकले." आणि हसली. डॉक्टरनं अशा वाक्यानंतर हसू नये.

पंखा फिरतो. एक, दोन, तीन. चौथी कुरकुर येत नाही.

"अहो, शर्ट काढा. तास सुरू होतोय."

शेजारी शरयू उभी आहे. माझी बायको, ॲनाटॉमीची प्रोफेसर निमकर, दुसऱ्या लाटेत गेली. हातात टिकल्यांचं पाकीट. मी कॉटवर नाहीच. आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडलो आहे, पायाशी कुकर, समोर डाळीच्या डब्यांवर लॅपटॉप. लॉकडाउनमध्ये रोज असंच चालायचं. शिकायचे मृतदेह कॉलेजात कुलपाखाली, मुलं आपापल्या गावी, मग शरीर म्हणून उरलो मी. स्केचपेन कॅमेऱ्यात उठत नसे, म्हणून ती माझ्या पोटावर टिकल्या लावायची. लिव्हरला मरून, अपेंडिक्सला हिरवी. समोर दीडशे काळे चौकोन. कॅमेरे बंद, माईक बंद.

मला संशय येतो. हिचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

"तू रेकॉर्डिंग तर नाहीस?"

"विचारा काहीतरी."

"आपल्या लग्नात रुसलं कोण?"

"तुमची आत्या, मानाच्या साडीवरून. आणि तुम्ही, जिलबी संपली म्हणून."

हे दुसरं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तिलाही नाही. संशय वाढतो.

ती हजेरी घेते. एकेका चौकोनातून "येस मॅम" उमटतं. एकशे बारा नंबरही म्हणतो.

"हा ॲडमिशन रद्द करून गेला होता ना?"

"त्यानंतरही महिनाभर हजर होता," शरयू शांतपणे म्हणते. "सत्त्याऐंशी, गवंडे?"

"येस मॅम."

"थांब. ही उद्या मला शिवणार आहे. खरं सांग, ही वर्गात होती का?"

"हजेरी लागलीय तिची."

"मी हजेरीचं विचारत नाही."

ओटा आता स्टीलचा आहे आणि फॉर्मॅलिनचा वास येतोय. हा कॉलेजचा डिसेक्शन हॉल. चौकोनांच्या उंच काळ्या खिडक्या झाल्यात आणि शरयू एकेका काचेला नाक लावून, डोळ्यांशी तळवे धरून आत बघतेय.

"मला तरी कुठे ठाऊक होतं?" ती म्हणते. "दर तासाला शेवटी विचारायचे, काही शंका? चकार शब्द नाही. तुम्ही शिंकलात तो दिवस आठवतो?"

न आठवून कसं चालेल? शिंकेसरशी मरून टिकली उडाली आणि कुकरला चिकटली. "लिव्हर शिजायला गेलं," मी म्हणालो. उत्तम विनोद. पुढे शांतता. चाळीस वर्षं मी लोकांना हसवून पोट भरलं. एवढी शांतता त्याआधी फक्त एका बँकेच्या रौप्यमहोत्सवात ऐकली होती. पलीकडे कुणीही नाही, अशी माझी त्या दिवशी खात्री झाली.

"शेवटी मास्क लावून छताकडे बघत पडले होते ना, तेव्हा डोक्यात हेच," शरयू म्हणते. "मी शिकवलं, की नुसती ओट्याशी बडबडले? तेवढं विचारा हो त्या पोरीला."

"आणि खोटं बोलली तर?"

"संशय घ्यायला तुम्ही आहातच की."

पाकिटातली शेवटची टिकली काढून ती माझ्या कंबरेच्या उजव्या हाडापासून बोटांनी मापत खाली येते, जांघेच्या मध्यावर थांबते, बोटभर वर सरकते आणि अंगठा दाबते. अंगठा गार आहे.

कुरकुर.

डोळे उघडतो तर डॉ. गवंडे मार्कर पेन घेऊन उभी. "आजोबा, ऑपरेशनच्या बाजूला खूण करायचीय." ती झगा बाजूला करते आणि थबकते. उजव्या जांघेत मरून टिकली.

"ही कुणी लावली?"

"तू नाहीस?"

"मी आत्ता येतेय."

मी तिच्या मागे उभ्या सिस्टरच्या कपाळाकडे बघतो. काळी चंद्रकोर. ती संशयातून सुटली.

मुलगी बोटांनी मापून बघते. "जागा तर बिनचूक आहे," असं म्हणता म्हणता तिची नजर माझ्या बेंबीशेजारच्या तिळावर अडकते. तोंडाकडे ती बघतच नाही.

"आजोबा, तुम्ही निमकर मॅडमचं पोट का हो?"

"असेन," मी सावधपणे म्हणतो. "तू कुठे असायचीस तेव्हा?"

"किनवटला. घरावरच्या पाण्याच्या टाकीवर. तिथेच रेंज यायची."

हे कुणीही सांगेल. "एखादा तास आठवतो?"

"लिव्हर शिजायला गेलं तो! टाकीवरून पडता पडता वाचले मी. ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं होतं."

"मग हसला का नाहीत कुणी?"

"हसलो की! पण माईक बंद होते ना. मॅडमनीच सांगितलं होतं, माईक बंद ठेवायचे."

मी कागद ओढून सही करतो. ती पेनचं टोपण काढते, टिकलीला धक्का न लावता शेजारी बाण काढायला वाकते.

"आजोबा," ती म्हणते, "पोट तेवढं हलवू नका. बाण वाकडा येतोय."