जयवंताच्या लाख वाती

पौषातलं ऊन अंगणात उतरलं की जयवंताबाईचा जीव सुखावायचा. बंबाची राख काढून झाली, तुरीच्या शेंगा सोलून झाल्या, गोधड्या दोरीवर पडल्या, की ती पाट घेऊन वाती वळायला बसे. आदल्या साली, ब्याऐंशीत, लेक पुष्पा विषमज्वरातून उठली तेव्हा तिने महादेवाला लाख वाती बोलल्या होत्या. शेतातला नवा कापूस, आंघोळ करून वळलेला; शिवरात्रीला देवळात पेटवायच्या.

अर्ध्या वाती शेजारच्या शकुबाईने अंगावर घेतल्या. "पुष्पी माही नाही का वं?" म्हणाली होती. दर सोमवारी ती पुडकी आणून द्यायची. मग दोघी उन्हाला पाठ देऊन संत्री खात बसायच्या. त्या घटकाभराच्या गप्पांसाठी जयवंता सोमवारची वाट पाहायची.

एका सोमवारी दहिवराने वाती सादळल्या, म्हणून तिने शकुबाईची पुडकी सुपात पसरली. ऊन लागताच वास सुटला. डोक्याच्या तेलाचा. तिने एक वात उलगडली. तंतू आखूड, मळकट, आणि आत गादीच्या खोळीचा निळा दोरा. दिवाळीनंतर शकुबाईच्या दारात जुन्या गाद्या पिंजायला पिंजारी बसला होता, ते तिला आठवलं.

तेवढ्यात शकुबाई आलीच. "काय करून राहिली वं?"

"तुह्या वाती पाहून राहिली. कापूस कुठचा हाय हा?"

"घरचाच."

"घरचाच, पण अंगाखालचा!"

शकुबाई आधी हसली. "अवं, जळल्यावर राख सारखीच. महादेव काय कापूस उलगडून पाहाते?"

"तो नाही पाहात. म्हणून तर तुले नवाच कापूस घ्याले सांगतलं होतं."

"इतकं सोवळं होतं तं एकटीनंच वळाच्या होत्या!" पदर झटकत शकुबाई निघून गेली.

जयवंताने पन्नास हजारांतल्या निम्म्याहून जास्त झालेल्या त्या वाती चुलीत घातल्या नाहीत, देवाजवळही ठेवल्या नाहीत. गाठोडं बांधून शकुबाईच्या ओट्यावर ठेवून आली. शिवरात्रीला सव्वा महिना उरला होता. थंडीने अंगठा उकललेला. इतके सोमवार ही बाई आपल्या हातची संत्री खात, तोंड भरून पुष्पीची चौकशी करत होती, हेच तिला गिळवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाट मागच्या विहिरीपाशी नेला. तिथे ऊन कमी. एक, दोन करत ती साठाला आली, आणि भिंतीपलीकडून शकुबाईची हाक आली, "जयवंता, ओ जयवंता!"

तिने ओ दिली नाही. पण मोजणी चुकली. तिने त्या साठ वाती बाजूला सारल्या आणि पुन्हा एकापासून धरलं.