जी साब, एकदम ठीक!

आमच्या आबांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "जी साब, एकदम ठीक!" जेवलात का? एकदम ठीक. गाय व्याली का? एकदम ठीक. शेजारी मयत झाली तेव्हा कुणीतरी हळूच विचारलं, "कसं काय झालं हो?" तर आबा टाचा जुळवून खणखणीत आवाजात तेच म्हणाले. अख्खं करमाड गाव त्यांना 'जीसाब' म्हणायचं. आबा माझे चुलते. तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दोन्ही कान तिथंच तोफांपाशी ठेवून आले.

बहिरेपणाची त्यांना भारी लाज. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की आबा आपलं वाक्य ठोकून द्यायचे आणि बहुतेक वेळा ते खपूनही जायचं. मी चिडायचे. "आबा, ऐकू आलं नाही तर नाही म्हणावं की!" ते कानातलं ऐकायचं यंत्र चाचपत हसायचे. "अगं बाई, फौजेत 'नाय' म्हणायला शिकवतच नायत."

ते यंत्र म्हणजे सेल खाणारा राक्षस. अपंगत्वाच्या पेन्शनीतून त्याचे सेल आणि काकूंचं इन्सुलिन, दोन्ही निघायचं. महिन्याला आबा शहरात जाऊन क्रांती चौकात उतरून दोन्ही आणायचे, वर स्वतःसाठी पावशेर जिलबी. "सुई तिला, जिलबी मला. वाटणी बराबर हाय!" काकू वैतागायच्या आणि हसायच्याही.

आणि मग आलं फेरतपासणीचं बोलावणं. कान अजून तितकेच खराब आहेत का, हे म्हणे डॉक्टरांच्या बोर्डाला पुन्हा बघायचं होतं. बरे झालेत असं ठरलं, तर पेन्शन बंद. तोफांच्या आवाजानं गेलेले कान पावसाळ्यात पुन्हा उगवतात की काय! पण सरकारला कोण विचारणार? मी रजा टाकून आबांबरोबर गेले. दवाखान्याचं नाव घेत नाही, तोंड विटाळतं.

दारातच आबांनी यंत्र काढून खिशात टाकलं. "साहेबापुढं हे लावून जाणं बरं दिसत नाय." आत एक तरणा डॉक्टर चहात बिस्किट बुडवत बसला होता. तपासायचं मशीन त्या दिवशी बंद होतं. त्यानं मान वर न करता विचारलं, "अब कान कैसे हैं? पहले से आराम है?" आबांना दिसली ती फक्त हलणारी मिशी. टाचा जुळल्या. "जी साब, एकदम ठीक!"

"अहो, त्यांना ऐकूच आलं नाही," मी ओरडले. "ते सगळ्यांना असंच म्हणतात!"

"मॅडम, आप बाहर बैठिए. जवाब तो दे रहे हैं."

वा रे वा! नंदीबैलही मान हलवतो, म्हणून त्याला प्रश्न कळतो का? माणसाला पाठमोरं उभं करून बोलायचं, मग ऐकू येतं का ते कळतं, एवढी साधी गोष्ट. पण इतकी वर्षं शिकलेल्या त्या माणसाला एका म्हाताऱ्याला "मागे वळा" म्हणायचे कष्ट झाले नाहीत. बिस्किट मात्र मऊ पडू दिलं नाही त्यानं.

बाहेर आल्यावर आबांनी यंत्र लावलं. "साहेब चांगला होता. काय म्हणला गं?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी त्याला वाटलं, आपण अजून फिट हाओत." आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद दिसला. मला रडावं की हसावं कळेना.

पेन्शन बंद झाली. कारण लिहिलं होतं, श्रवणशक्तीत सुधारणा. मी अपील केलं, हेलपाटे घातले, प्रत्येक खिडकीवर "चालू आहे" एवढंच ऐकलं. शी! इन्सुलिन चुकवता येत नव्हतं, म्हणून आबांनी काटकसर केली ती सेलची. जिलबी तर केव्हाच गेली. घरात यंत्र कानात, घराबाहेर पडलं की बंद करून खिशात. मी भांडले, तर म्हणाले, "रस्त्यावर कोण बोलतंय आपल्याशी? सेल तुझ्या काकूचं ऐकायला ठिवतो."

जालना रोड ओलांडताना मागून ट्रक आला.

पोलिसांपुढं ड्रायव्हर रडत होता. "हॉर्न दिला साहेब, लई दिला. म्हातारा बहिरा होता वो!" पोलिसानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. आबा बहिरे आहेत हे सरकारनं मान्य केलं ते असं, आणि तेव्हा. यंत्र खिशात रुमालात गुंडाळलेलं सापडलं. काकूंनी ते हातात घेतलं आणि त्यावर ओठ टेकवून हाक मारली, "अहो." मला तिथं थांबवेना.

पुढं बऱ्याच दिवसांनी फोन आला. अपील मंजूर झालं होतं, म्हणजे पुन्हा एक फेरतपासणी. "पेशंटला घेऊन या," पलीकडचा माणूस जांभई देत म्हणाला. "कशी आहे आता त्यांची तब्येत?"

घाणेरडी शिवी ओठांवर आली होती. पण काकू समोर बसल्या होत्या. मी उठून उभी राहिले.

"जी साब," मी म्हणाले. "एकदम ठीक!"