मोड आलेली ज्वारी

सन दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा. दिवाळीच्या पावसानं उभ्या ज्वारीच्या कणसांना मोड आले. वाळवून पोतं भरलं, तरी बायकोचं एकच, "ढोरांपुढं टाका." माझी ज्वारी ढोरांपुढं? मी ऐकलं नाही.

त्यात जावई स्कॉटलंडातला दारूचा कारखाना पाहून आला. बाटली पुढं ठेवून सांगू लागला, "मामा, तिथं जव मुद्दाम भिजवतात. मोड आले की दाणा गोड होते. मंग धुरावर वाळवतात, आंबवून तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात आन लाकडी पिपात बारा वर्षं ठेवतात. तीच ही सिंगल माल्ट व्हिस्की!"

"म्हणजे धान्य नासवाचं आन बारा वर्षं राखत बसाचं? आमच्या इथं हे काम पाऊस फुकटात करते, जावईबापू!"

टोपणभर प्यालो. जळक्या गोवरीचा वास, वरून दवाखान्याचा. असल्या पाण्यासाठी लोक तिकीट काढून जातात!

पण दाणा गोड होते, हे शब्द मी बायकोला दोनदा ऐकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारी दळून आणली. मोड आलेल्या पिठाला चिकटपणाच नव्हता, भाकर तव्यावरच मोडली. ते तुकडे मी पोटभर खाल्ले आणि जावयाच्या ताटातही वाढले.