लोण्याचा वाटा

आयर्लंडमधल्या स्लीव्ह ऑटी डोंगराच्या उतारावर डीलिया टूहीचं घर होतं. नवरा गेल्यावर गाई आणि जपमाळ यांच्या आधाराने तिने दिवस काढले. बोलणं फटकळ, पण तिच्या दारातून सहसा कोणी रिकामं गेलं नाही. एकदाच गेलं. इंग्रज सरकारच्या पोलिसांशी बोलायचं नाही, त्यांना काही विकायचं नाही, असं गावाने ठरवलं होतं. गिल्हूली शिपायाची बायको बाळासाठी दूध मागायला आली, तेव्हा डीलियाने दार लावून घेतलं. ते तिला आत कुठेतरी टोचत राहिलं होतं.

त्या सकाळी ती लोणी काढत असताना फिंटन धडपडत आत आला. शेजारच्या गावचा, विशीतला, बंडखोरांच्या टोळीतला. पुलावरच्या चकमकीत दंडाला गोळी लागली होती. तिने दंड बांधला, नवऱ्याचा जाड कोट त्याच्या अंगावर चढवला, तोच खालच्या वळणावर लष्कराची लॉरी वाजली.

"काकू, मागल्या दाराने जातो."

"उघड्या माळावर? सशासारखा टिपतील. इथं उभा राहा आणि घुसळ."

"एका हाताने?"

"सरकार उलथवायला निघालास, लोणी निघेना होय तुला?"

उंच लाकडी पिपातला दांडा फिंटन खालीवर करू लागला. जखमी हात नुसता वर टेकवलेला. सैनिक घेऊन अधिकारी आत शिरला, मागून गिल्हूली.

"हा कोण?"

"माझा पुतण्या, साहेब."

अधिकारी माळ्याकडे बघत होता. तेवढ्यात फिंटनच्या बाहीतून रक्त बोटांवर उतरलेलं डीलियाला दिसलं. खिशातली जपमाळ तिने घट्ट धरली.

गिल्हूलीने टोपी काढली. "देव कामाला बरकत देवो," म्हणत तो सवयीने पुढे झाला. लोणी निघत असताना घरात पाऊल टाकलं की दांड्याला हात लावायचाच. न लावता जाणारा घरातली लोण्याची बरकत नेतो, अशी तिकडची समजूत. गिल्हूलीही शेतकऱ्याच्याच पोटचा. त्याने दांडा धरला आणि तळव्याला ओल लागली. त्याने डीलियाकडे पाहिलं. मग हात तसाच दाबून तो घुसळू लागला.

"हात खिशात घाल, पोरा. गारठलायस."

"तुम्ही झडतीला आलात की लोणी काढायला?" अधिकारी हसला. "ओळखता याला?"

"टूहींचाच आहे, साहेब. सगळे असेच कामचुकार."

लॉरी निघून गेली. फिंटनला दुपारी गवताच्या गाडीतून डोंगरात पोचवलं.

डीलियाने लोण्याच्या गोळ्यावर क्रूस काढला, दुधाची किटली घेतली आणि भर उजेडात गिल्हूलीच्या घराकडे निघाली. वाटेत शेजारीण आडवी आली.

"शिपायाला लोणी? गावाला काय सांगशील?"

"घुसळलंय त्याने. त्याचा वाटा ठेवून घेऊन उद्या प्रार्थनेला कुठल्या तोंडाने बसू?"

खरं सांगितलं असतं आणि ते सरकारच्या कानावर गेलं असतं, तर गिल्हूली जिवाला मुकला असता. पुढे कित्येक महिने गावाने तिचं लोणी घेतलं नाही. तिने ते मुकाट्याने सोसलं.

गिल्हूलीच्या बायकोने दार फटीएवढं उघडलं, किटली पाहिली.

"दार लावून घेऊ, की आत येता?"

"येते," डीलिया म्हणाली. "बाळ कुठाय?"